चाचा चौधरींच्या घरी, चाळिशीनंतर

जुन्या दिल्लीतील दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार अनेक वर्षे पदपथावर भरत असे. २०१९ साली तो तेथून उठला आणि जवळच, असफ अली मार्गावरील महिला हाटच्या आवारात गेला. जागा बदलली, तरी बाजाराचा रंग फारसा बदलला नाही. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका, वैद्यकशास्त्राचे जाडजूड ग्रंथ, किलोच्या भावाने विकल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्या आणि या साऱ्यांच्या मध्येच कोठेतरी, कोपरे दुमडलेले, पिना गंजलेले एखादे डायमंड कॉमिक्सचे पुस्तक. मुखपृष्ठावर लाल पगडी, पांढऱ्या झुबकेदार मिशा आणि हातात काठी असलेले किरकोळ अंगाचे म्हातारे गृहस्थ. शेजारी डोंगराएवढा साबू. असे पुस्तक उचलणारा हात आता सहसा लहान मुलाचा नसतो. मुलगा शेजारी मोबाइलमध्ये दंग असतो आणि वडील चष्मा कपाळावर सरकवून पाने उलटीत उभे असतात.

लहानपणी आवडलेले पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचणे हा तसा जोखमीचा व्यवहार आहे. मुदत ठेव परत घेताना रक्कम वाढलेली असणार, याची खात्री असते. येथे तशी कोणतीही हमी नाही. कधी ठेवलेले मुद्दलही हाती लागत नाही. तर कधी आपण काय ठेवले होते, हेच आपल्याला ठाऊक नव्हते असे ध्यानात येते. 'चाचा चौधरी' या चित्रकथेच्या बाबतीत बहुधा हा दुसरा प्रकार घडतो. बालपणी पंधरा मिनिटांत संपणारे ते पुस्तक पन्नाशीतही पंधराच मिनिटांत संपते. परंतु त्या पंधरा मिनिटांत वाचली जाणारी गोष्ट मात्र निराळी असते.

कसूरचा मुलगा

या चित्रकथेचे जनक प्राण कुमार शर्मा, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले 'प्राण', यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३८ रोजी लाहोरजवळच्या कसूर येथे झाला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते नऊ वर्षांचे झाले. कसूर सीमेपलीकडे राहिले आणि कुटुंब भारतात आले. पुढे दिल्लीत त्यांनी राज्यशास्त्रात एम. ए. केले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा कला अभ्यासक्रमही त्यांनी बाहेरून, खासगी विद्यार्थी म्हणून केला. दिल्लीच्या या चित्रकाराचा आपल्या मुंबईशी असलेला हा धागा फारसा कोणाच्या लक्षात नसतो. १९६० साली 'मिलाप' या दिल्लीच्या दैनिकात त्यांची 'डब्बू' ही चित्रपट्टिका सुरू झाली.

तो काळ परदेशी नायकांचा होता. १९६४ मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागली आणि घनदाट जंगलात राहणारा वेताळ, हातचलाखीने शत्रूला चकवणारा मँड्रेक यांनी घराघरांतील मुलांना वेड लावले. आपल्या मातीतला नायक कोठे आहे, हा प्रश्न त्या वेळी दोन वेगवेगळ्या माणसांना पडला आणि दोघांचाही संबंध दिल्लीशी आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. अनंत पै सांगत असत की, १९६७ मध्ये दिल्लीत असताना त्यांनी दूरदर्शनवर प्रश्नमंजूषेचा एक कार्यक्रम पाहिला. ग्रीक पुराणकथांवरील प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलांना प्रभू रामचंद्रांच्या आईचे नाव सांगता आले नाही. त्या अस्वस्थतेतून 'अमर चित्र कथा' जन्माला आली. पैंनी आपला नायक पुराणात आणि इतिहासात शोधला. प्राण यांनी तो शेजारच्या गल्लीत शोधला.

१९७१ साली 'लोटपोट' या दिल्लीच्या बालनियतकालिकात चाचा चौधरी प्रथम अवतरले. (आजच्या मुलांचे लाडके मोटू-पतलूही मूळचे याच 'लोटपोट'चे, दूरचित्रवाणीवर ते फार उशिरा, २०१२ मध्ये, आले. नातवंडांना हे सांगून पाहावे, त्यांचा विश्वास बसत नाही.) १९७८ मध्ये गुलशन राय यांनी डायमंड कॉमिक्स सुरू केले आणि चाचा चौधरी नियतकालिकाच्या पानांतून स्वतंत्र पुस्तकांत आले. रेल्वे स्थानकावरचा पुस्तकांचा ठेला, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, भाड्याने पुस्तके देणारी टपरी, अशा सर्व ठिकाणी ती लाल पगडी दिसू लागली.

महाराष्ट्रातील मुलांकडे त्या वेळी वाचायला काही नव्हते असे नाही. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येत होता. बालभारतीचे 'किशोर' तर चाचा चौधरींच्याच वर्षी, १९७१ मध्ये, सुरू झाले. तरीही वडिलांच्या बदलीमुळे नागपूर, पुणे किंवा सोलापूर सोडून दिल्लीला आलेल्या मराठी मुलांसाठी चाचा चौधरींचे स्थान वेगळेच होते. बँकेत, रेल्वेत, संरक्षण खात्यात नोकरी करणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. जूनमध्ये नवी शाळा, वर्गात अनोळखी मुले आणि पाठ्यपुस्तकातील हिंदीशी काडीचाही संबंध नसलेली गल्लीतली हिंदी! ही गल्लीतली हिंदी या चित्रकथांत जशीच्या तशी छापलेली असे. शब्द अडला तर चित्र मदतीला येई. भाड्याच्या वाचनालयातून चार-आठ आणे देऊन आणलेल्या पुस्तकाने अनेक घरांत शिकवणीचे काम चोख बजावले.

कोणाची गोष्ट?

लहान मूल ही चित्रकथा साबूसाठी वाचते, यात शंका नाही. साबू गुरू ग्रहावरून आलेला. उंच, बलदंड, कानांत कुंडले. तो रागावला की दूर कोठेतरी ज्वालामुखीचा स्फोट होतो. गुंडांना उचलून तो असा भिरकावतो की, पुढच्या चौकटीत त्यांचे फक्त बूट दिसावेत. चाचा चौधरींचा मेंदू संगणकापेक्षाही वेगाने चालतो हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असे. पण मनातून प्रत्येकाला साबूच व्हायचे असे.

मोठेपणी पुस्तक उघडले की पहिला धक्का बसतो तो येथे. नायक म्हातारा आहे! मिशा पांढऱ्या झालेल्या, अंगावर साधे जाकीट, हातात काठी. जगभरच्या चित्रकथांतले नायक तरुण, पिळदार आणि बहुधा अविवाहित असतात. प्राण यांनी मात्र घराघरांत आढळणारा, सल्ला विचारण्याजोगा एक वडीलधारा माणूस निवडला. भारतीय कुटुंबात असा एक शहाणा म्हातारा असतोच, हा त्यामागचा त्यांचा विचार होता. मुलांच्या पुस्तकाला साठीचा नायक देणे हे व्यावसायिकदृष्ट्या केवढे धाडस होते, हे वाचकाच्या स्वतःच्या केसांत चांदी दिसू लागल्यावरच उमजते.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. चाचा आणि बिनी चाची यांना मूल नाही. बालपणी हे कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण घर भरलेले असते. त्या घरात साबू आहे, राकेट नावाचा कुत्रा आहे, डगडग नावाचा जुना ट्रक आहे. साबू परग्रहावरून आला आणि चाचीच्या हातच्या पराठ्यांवर लुब्ध होऊन येथेच राहिला. राकेट रस्त्यावरचा कुत्रा. त्यालाही याच घराने आसरा दिला. म्हणजे दोन वृद्ध माणसे आणि बाहेरून आलेली, परत न गेलेली दोन जणे, असे हे कुटुंब आहे. त्यांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही. जे आहे ते एकाच स्वयंपाकघराचे. चाची साबूसाठी ढिगाने पोळ्या लाटते, कुरकुर करते आणि पुन्हा लाटते. दाराशी आलेल्या माणसाला, मग तो गुरू ग्रहावरचा का असेना, आधी जेवायला वाढायचे आणि नंतर चौकशी करायची, हा या घराचा रिवाज आहे.

हे घर कोणत्या शहरात रेखाटले गेले, याचा विचार केला म्हणजे चित्राला आणखी एक छटा येते. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या आसपास होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी हे शहर जवळजवळ नव्याने वसवले. लाजपत नगर, पटेल नगर, राजेंद्र नगर ही नावे त्या वसाहतींचीच. त्या पिढीतील प्रत्येक जण कोठून तरी आलेला होता आणि परत जाण्यासारखे गाव त्याला उरले नव्हते. प्राण यांनी साबूची गोष्ट निर्वासितांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली, असे म्हणण्यास काही आधार नाही आणि तसे म्हणूही नये. त्यांना मुलांना हसवायचे होते. परंतु ज्या मुलाने नवव्या वर्षी आपले गाव गमावले, त्याने पुढे चितारलेल्या सर्वांत लोकप्रिय घरात परका माणूस आश्रयाला येतो आणि घरचाच होऊन जातो, ही गोष्ट आज वाचताना डोळ्यांआड करता येत नाही. त्या घराचा दरवाजा कधी बंद रेखाटलेला आठवतो का, हे जुन्या वाचकांनी मनाशी पडताळून पाहावे.

संगणकापेक्षा वेगवान

त्या प्रसिद्ध वाक्याकडेही थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, विशेषतः बँकेशी संबंधित वाचकांनी. संगणकाशी तुलना करणारे हे वाक्य ज्या काळात लोकप्रिय झाले, त्या काळातील बहुतेक वाचकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. बँकेत तर जाडजूड खातेवह्या होत्या, हाताने केलेल्या बेरजा होत्या आणि ताळा जुळेपर्यंत रात्री उशिरापर्यंत जागणारे कर्मचारी होते. बँकिंग क्षेत्रातील यांत्रिकीकरणावरील डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. नवी दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले ते १९८६ च्या सुमारास. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळते, या गोष्टीचे दिल्लीकरांना त्या वेळी केवढे अप्रूप वाटले होते! संगणक नोकऱ्या खाईल ही भीतीही त्याच काळातली.

अशा वेळी एक पगडीवाला म्हातारा, संगणकाचे नावही न ऐकलेल्या मुलांना सांगत होता की, यंत्र वेगवान असेल, पण माणसाचे डोके त्याहून वेगवान आहे. मुलांना ती फुशारकी वाटली. त्यांच्या आईवडिलांना, विशेषतः ज्यांच्या टेबलावर लवकरच एक यंत्र येऊन बसणार होते त्यांना, कदाचित तो दिलासाही वाटला असेल.

गंमत अशी की, आज पुन्हा वाचताना चाचांचे डोके वेगवान वाटतच नाही. त्यांची बुद्धी म्हणजे गणिती बुद्धी नव्हे. ती निरीक्षणाची बुद्धी आहे. कोणाच्या बोलण्यातील सूर बदलला, कोणाच्या घरी आज भलत्या वेळी दिवा लागला, अनोळखी माणूस गरजेपेक्षा अधिक गोड का बोलतो आहे, अशा गोष्टी हेरणारी. गावातील पतपेढीचा जुना व्यवस्थापक किंवा शाखेतील मुरलेला रोखपाल ज्या नजरेने समोरच्या माणसाची पारख करतो, तीच ही नजर. बनावट ओळख सांगून पासवर्ड काढून घेणाऱ्या आजच्या भामट्यांपुढे चाचा चौधरींनी काय केले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांनी फोनवर बोलणाऱ्याला आधी शांतपणे तीन प्रश्न विचारले असते.

चोर-दरोडेखोरांचा या चित्रकथेत सुकाळ आहे. धमाका सिंह, गोबर सिंह, पलीता अशी त्यांची नावे. सर्वांत भयंकर तो डाकू राका. चक्रमाचार्य नावाच्या वैद्याचे औषध पिऊन तो अमर झालेला. त्याला मारता येत नाही. त्यामुळे दर वेळी त्याला कोठेतरी बंदिस्त करावे लागते आणि काही काळाने तो पुन्हा सुटतो. मुलांना राकाची भीती वाटे. मोठ्यांना तो ओळखीचा वाटतो. काही संकटे कायमची संपत नाहीत, फक्त काही दिवसांपुरती आवरता येतात, हे प्रौढ वाचकाला पुस्तकाबाहेरही ठाऊक झालेले असते.

खटकणाऱ्या जागा

पुनर्वाचनात सगळेच गोड लागते असे मात्र नाही. काही ठिकाणी घास अडतो.

बिनी चाचीच्या हाती लाटणे देऊन हशा पिकवण्याची युक्ती आज जुनाट वाटते. ती घरातील सर्वांना जेवू घालते, पण निर्णयाच्या वेळी तिला क्वचितच विचारले जाते. जाड माणूस दिसला की विनोद, बावळट नोकर दिसला की विनोद, असेही पुष्कळ आहे. आडदांड, काळासावळा, खुरट्या दाढीचा माणूस चौकटीत आला की तो दुर्जन असणार हे पहिल्या नजरेतच ठरून जाते. चेहऱ्यावरून माणसाची परीक्षा करण्याची ही सवय मुलांना लागावी असे आज कोणीही म्हणणार नाही. कथानकांची पुनरावृत्ती तर विलक्षण आहे. एका पुस्तकातील चोर काढून दुसऱ्यात घातला तरी काही बिघडू नये.

चित्रांचेही तेच. सहा-आठ चौकटींचे पान, मागे एखादे झाड किंवा घराची एक भिंत, बस्स. अमर चित्र कथेसाठी राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारख्या चित्रकारांनी जे तपशील भरले, वस्त्रे, दागिने, घोड्यांची आयाळ, त्यांच्यापुढे प्राण यांची रेषा फारच काटकसरी दिसते. मात्र हा निव्वळ दोष म्हणावा का, याविषयी दोन मते होऊ शकतात. एकाच वेळी अनेक पात्रांच्या मालिका चालवणाऱ्या, दर महिन्याला पाने भरून देणाऱ्या माणसाने ती काटकसर गरजेपोटी केली असेल. परंतु तिच्यामुळेच सात वर्षांच्या मुलालाही चाचा चौधरी पाच रेघांत काढता येत असत. वहीच्या शेवटच्या पानावर वाईरकरांचा कृष्ण काढण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले असेल. चाचांची पगडी मात्र बहुतेकांनी काढलेली आहे.

अमर चित्र कथाही आता प्रौढ वाचकांच्या कसोटीला उतरते आहे आणि तिलाही प्रश्न विचारले गेले आहेत: असुर नेहमी काळेच का, स्त्रिया इतक्या नाजूकच का, कोणाचा इतिहास निवडला गेला आणि कोणाचा राहिला. या प्रश्नांनी त्या पुस्तकांचे ऋण फिटत नाही, पण ते विचारलेच नाहीत तर पुन्हा वाचण्याला अर्थ उरत नाही.

रमण: एक विसरलेला कारकून

चाचांच्या झगमगाटात प्राण यांची इतर पात्रे काहीशी मागे पडली. कपाळावरच्या केसांनी डोळे झाकलेला बिल्लू आणि खारीला कुटकुट म्हणून हाक मारणारी पिंकी अनेकांना आठवते. रमण मात्र फारसा कोणाला आठवत नाही. मुलांना तो आवडण्याचे कारणही नव्हते. त्याच्याकडे ना साबू, ना अमर डाकू. तो कार्यालयात काम करणारा साधा कारकून आहे. महिनाअखेर, साहेबांची मर्जी, पत्नी कमलीच्या मागण्या आणि शेजारी यांत त्याचे आयुष्य गुंफलेले आहे.

आज चाळिशी ओलांडल्यावर वाचावे ते खरे तर रमणचे पुस्तक. त्यातला विनोद पगाराच्या पाकिटाएवढाच मोजका आहे आणि म्हणून नेमका लागतो. रमणचे दोन मित्र आहेत: खलिफा आणि खडक सिंह. एक मुसलमान, एक शीख. तिघे एकमेकांच्या घरी जातात, भांडतात, उसने घेतात. प्राण यांनी या तिघांवर रचलेल्या राष्ट्रीय एकात्मतेविषयीच्या 'रमण, हम एक हैं' या पुस्तकाचे प्रकाशन १९८३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी दिल्लीत जे घडले ते सर्वज्ञात आहे. ते माहीत असताना खडक सिंह दार न ठोठावता रमणच्या घरात शिरतो, ही साधी चौकट वाचकाला क्षणभर थांबवते. तिथे विनोद असतो आणि त्याच जागी हसू येत नाही.

मोठ्यांचे वाचन

चित्रकथा ही लहान मुलांची गोष्ट, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जपानमध्ये तसा नाही. तेथे 'मांगा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांची मुलांसाठी वेगळी, मुलींसाठी वेगळी, नोकरदार प्रौढांसाठी वेगळी नियतकालिके निघतात आणि लहानपणी वाचलेल्या मालिकांच्या जाड, टिकाऊ आवृत्त्या मोठेपणी विकत घेतल्या जातात. ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराने १९७२ ते १९८३ या काळात गौतम बुद्धाच्या जीवनावर प्रदीर्घ मांगा रचली. तिची भूमी आपलाच भारत आहे. ती वाचणारे तरुण आज दिल्लीच्या पुस्तकदुकानांत सहज भेटतात.

दिल्लीतही मोठ्यांसाठी चित्रकथा लिहिल्या गेल्या. नर्मदा खोऱ्यातील धरणाच्या प्रश्नावर ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सारनाथ बॅनर्जी यांच्या २००४ च्या 'कॉरिडॉर'मध्ये तर कॅनॉट प्लेसमधील जुन्या पुस्तकांचा एक विक्रेता आणि त्याच्याकडे चहा पीत दुर्मीळ पुस्तके शोधणारी माणसे आहेत. दर्यागंजच्या ढिगात हात घालून उभ्या असलेल्या प्रौढाचे ते जणू व्यक्तिचित्रच. आणीबाणीवरील विश्वज्योती घोष यांचे 'दिल्ली काम' २०१० मध्ये आले.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे देशातील पहिला कॉमिक कॉन भरला. त्यात अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. ज्या शहरातील एका दूरदर्शन कार्यक्रमाने त्यांना कामाला लावले, त्याच शहरात त्यांच्या वाचकांनी, तेव्हा स्वतः आईबाप झालेल्या वाचकांनी, त्यांचे आभार मानले. काही दिवसांतच, २४ फेब्रुवारी रोजी, पै यांचे निधन झाले. प्राण यांचे निधन ५ ऑगस्ट २०१४ रोजी गुडगावमध्ये झाले, जे पुढे गुरुग्राम झाले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

चाचा चौधरी मात्र निवृत्त झालेले नाहीत. २००२ मध्ये रघुवीर यादव यांनी दूरचित्रवाणीवर त्यांची भूमिका केली. २०२१ मध्ये गंगा शुद्धीकरणाच्या 'नमामि गंगे' कार्यक्रमाचे ते शुभंकर झाले आणि २०२३ मध्ये निवडणूक आयोगासाठी मतदानाचे महत्त्व सांगू लागले. सरकारी कामावर नेमले गेल्यावर त्यांचा खोडकरपणा थोडा कमी झाला आहे, हे जुन्या वाचकाच्या लगेच लक्षात येते. उपदेश करण्याची त्यांना पूर्वी सवय नव्हती. ते चोर पकडत आणि जेवायला घरी जात.

ज्यांच्या माळ्यावर, गावच्या घरातील ट्रंकेत अशी पुस्तके अजून पडून असतील, त्यांच्यासाठी काही व्यवहारी गोष्टी. हा कागद स्वस्तातला, आम्लयुक्त. उजेड आणि दमट हवा लागली की तो पिवळा पडून तुटू लागतो. लोखंडी पिना गंजल्या असतील तर बोथट चिमट्याने हलकेच सरळ करून काढाव्यात आणि मधल्या घडीवर सुती दोऱ्याने दोन टाके घालावेत. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा काढता येत नाही. पुस्तके आडवी, कोरड्या जागी, स्वच्छ कागदाच्या पाकिटांत ठेवावीत आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा. आणि नातवंडांच्या हाती देण्यापूर्वी एकदा स्वतः वाचून घ्यावे; राका कोणत्या पुस्तकात सुटला होता आणि कोणत्या पुस्तकात पुन्हा कोंडला गेला, हे मुले नक्की विचारतात.